भास होते, भानही होतं

निळं आभाळ, त्यात गरगर फिरणारे लोट आणि दिव्यासारखे पेटलेले तारे. 'स्टारी नाइट' हे चित्र कुणाच्या तरी वॉलपेपरवर, टी-शर्टवर किंवा बॅगेवर तुम्ही पाहिलंच असेल. हे चित्र जून १८८९ मध्ये फ्रान्समधल्या एका मनोरुग्णालयात काढलेलं आहे. काढणारा तिथला डॉक्टर नव्हता, पेशंट होता. त्याचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३चा, हॉलंडमधल्या झुंडर्ट गावचा. वडील धर्मगुरू. चित्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरी, मग शिक्षकी, मग बेल्जियममध्ये कोळसा खाणीतल्या कामगारांपुढे धर्मोपदेश, असं बरंच काही त्यानं करून पाहिलं. कुठेच जमलं नाही. सत्ताविशीत त्यानं ठरवलं, आता चित्रंच काढायची. खर्चाची बाजू धाकट्या भावानं, थिओनं सांभाळली. तो दर महिन्याला पैसे पाठवायचा आणि व्हिन्सेंट त्याला लांबलचक पत्रं लिहायचा.

१८८८ मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला राहायला गेला. त्याच वर्षी २३ डिसेंबरच्या रात्री, मित्र पॉल गोगँशी भांडण झाल्यावर, त्यानं स्वतःचा कान कापून घेतला. एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक वेळा ती तिथेच संपवली जाते. खरं तर त्यानंतरचं दीड वर्ष जास्त महत्त्वाचं आहे.

व्हिन्सेंटला नसलेले आवाज ऐकू यायचे, नसलेल्या गोष्टी दिसायच्या. झटका आला की दिवसचे दिवस त्यात जायचे. त्या वेळी ते सगळं त्याला खरंच वाटायचं. पण झटका ओसरला की तो स्वतःकडे नीट बघू शकायचा. आर्लच्या दवाखान्यात डॉ. फेलिक्स रे त्याच्यावर उपचार करत होते. जानेवारी १८८९ मध्ये त्यानं थिओला कळवलं, की असह्य भास आता थांबलेत, फक्त वाईट स्वप्नं पडतात आणि हा बहुधा पोटॅशियम ब्रोमाइड या औषधाचा गुण असावा. म्हणजे जे दिसलं-ऐकलं तो आजार होता, हे त्यानं स्वतःशी मान्य केलं होतं.

गावानं मात्र ते मान्य केलं नाही. तीसएक शेजाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला, की हा माणूस धोकादायक आहे. पोलिसांनी त्याच्या घराला कुलूप लावलं आणि त्याला दवाखान्यात कोंडलं. पुस्तकं नाहीत, रंग नाहीत. संतापून आरडाओरडा केला तर लोक म्हणणार, बघा, वेडाच आहे. हे ओळखून तो शांत राहिला.

मग ८ मे १८८९ रोजी तो आपणहून सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथं त्याला एक दिलासा मिळाला, जो बाहेर कुणी देऊ शकलं नव्हतं. एका पेशंटला कॉरिडॉरच्या प्रतिध्वनीत माणसांचे शब्द ऐकू यायचे. इतरांनाही असे अनुभव होते. म्हणजे हे जगात आपल्या एकट्यालाच होत नाही! ते कळल्यावर आजाराची भीती बरीच कमी झाली, असं त्यानं लिहून ठेवलंय.

पण कळलं म्हणून आजार गेला नाही. जुलैमध्ये शेतात चित्र काढत असताना पुन्हा झटका आला. वारा सुटला होता, झटका येतोय हे जाणवत होतं, तरी त्यानं हातातलं चित्र पुरं केलं. पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. या झटक्यांमध्ये विचित्र धार्मिक कल्पना डोक्यात यायच्या. याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं. आपण झोलासारख्या लेखकाचे चाहते, आधुनिक विचारांचे, मग एखाद्या अंधश्रद्धाळू माणसासारखे झटके आपल्याला का यावेत? बुद्धी शाबूत होती आणि भासही होते. दोन्ही एकाच डोक्यात.

सेंट-रेमीतल्या वर्षभरात त्यानं सुमारे दीडशे चित्रं काढली. 'वेडामुळे प्रतिभा' असं आपण सहज म्हणून जातो, पण झटक्यात असताना त्याला फारसं काम करता यायचं नाही. यातली बहुतेक चित्रं दोन झटक्यांच्या मधल्या, भानावर असलेल्या दिवसांतली आहेत. मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ऑव्हेरला गेला. तिथं २९ जुलैला, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यानं स्वतःला केलेल्या इजेमुळे त्याचा मृत्यू झाला. सहा महिन्यांत थिओही गेला. थिओची बायको योहाना हिनं चित्रं आणि पत्रं जपली आणि १९१४ मध्ये ती पत्रं छापली. म्हणून हे सगळं आज आपल्याला माहीत आहे.

व्हिन्सेंटच्या आजाराचं नेमकं नाव काय, यावर डॉक्टरांचा वाद अजून सुरू आहे. त्याच्या काळी आजच्यासारखी औषधं नव्हती. आपल्याकडे आहेत. तरी टोकावड्यापासून शहापूरपर्यंत कुठल्याही गावात कुणाला आवाज ऐकू यायला लागले, की पहिला शब्द येतो 'बाहेरचं लागलंय' आणि पहिली फेरी होते भगताकडे. शिकलेली पोरं तर घाबरून बोलतच नाहीत. 'हे खरं नसेल' असं आतून वाटत असतं, पण सांगितलं तर वेडा ठरवतील ही धास्ती असते.

म्हणून होस्टेलवरच्या मित्रानं किंवा वर्गातल्या मैत्रिणीनं कधी असं काही सांगितलं, तर हसू नका. 'असं काही नसतं' म्हणून वादही घालू नका. ऐकून घ्या आणि त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. एसटीनं तिथं जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. आवाज खरे नसतीलही, पण त्यांचा त्रास खरा असतो.