डीबीएमएसचा बापमाणूस : टेड कॉड

डीबीएमएसचं पहिलं प्रॅक्टिकल असतं तेव्हा आपण काय करतो? झॅम्प इन्स्टॉल करायचं, त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अपाचे आणि मायएसक्यूएल स्टार्ट करायचे, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकून पुढे तिरकी रेघ आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन लिहायचं. झालं! डावीकडे डेटाबेसची यादी, उजवीकडे टेबलं, वर टॅब. नवीन टेबल हवं तर नाव द्या, कॉलम किती ते सांगा, सेव्ह करा. अर्ध्या तासात मेसचा हिशोब ठेवणारा डेटाबेस तयार. हे सगळं इतकं सरळ वाटतं की यासाठी कधी कुणाला भांडावं लागलं असेल असं मनातही येत नाही. पण भांडावं लागलं होतं, आणि तेही स्वतःच्याच कंपनीशी.

भांडणाऱ्याचं नाव एडगर फ्रँक कॉड. सगळे त्याला टेड म्हणत. जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावर. सात भावंडांतलं हे शेंडेफळ. वडिलांचा चामड्याचा धंदा, आई शिक्षिका. ऑक्सफर्डला गणित आणि केमिस्ट्री शिकत असताना दुसरं महायुद्ध चालू होतं. विद्यार्थी म्हणून त्याला सैन्यातून सवलत मिळू शकत होती. ती न घेता तो रॉयल एअर फोर्समध्ये पायलट झाला आणि पाण्यावर उतरणारी संडरलंड जातीची गस्ती विमानं उडवू लागला. युद्ध संपल्यावर परत येऊन डिग्री पुरी केली आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्क गाठलं. तिथे सुरुवातीला काय केलं, तर मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात पुरुषांचे स्पोर्ट्सचे कपडे विकले. (ज्यांना पहिल्याच कॅम्पसमध्ये जॉब लागला नाही त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) मग थोडे दिवस टेनेसी युनिव्हर्सिटीत गणित शिकवलं आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागला.

चार वर्षांत नोकरी सोडलीसुद्धा. त्या काळात अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी दिसेल त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारत सुटला होता. कॉडला ते पटेना. १९५३ च्या अखेरीस निषेध म्हणून देश आणि नोकरी दोन्ही सोडून तो कॅनडात ओटावाला गेला. हा स्वभाव पुढे पण दिसतो. चूक वाटलं की गप्प बसायचं नाही, मग समोर कोणी का असेना.

१९५७ मध्ये तो आयबीएममध्ये परतला आणि स्ट्रेच नावाच्या महाकाय कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवायच्या कामाला लागला. मग १९६१ मध्ये, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पठ्ठ्या पुन्हा कॉलेजात गेला! मिशिगन युनिव्हर्सिटी, अ‍ॅन आर्बर. १९६५ मध्ये पीएचडी. विषय होता स्वतःसारखीच नक्कल तयार करणारी सेल्युलर ऑटोमॅटा. फॉन नॉयमनने जे एका सेलच्या २९ अवस्था वापरून दाखवलं होतं ते याने ८ मध्ये बसवून दाखवलं.

आता मुख्य गोष्ट. कॉड कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम लॅबमध्ये आला तेव्हा डेटाबेस कसे होते? आयबीएमचं आयएमएस नावाचं प्रॉडक्ट होतं, अपोलो चांद्रयानाच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवलेलं. त्यात डेटा झाडासारखा. आपल्या होस्टेलचं उदाहरण घ्या. वर विंग, तिच्या खाली रूम, रूमच्या खाली मुलं. ‘कुठल्या विंगमध्ये कोण राहतं’ हे लगेच सापडणार. पण मेकॅनिकलची किती मुलं मेसमध्ये जेवतात असं विचारलं की गेलं! प्रत्येक विंग, प्रत्येक रूम उतरत जायचं, आणि कसं उतरायचं ते प्रोग्रॅमरने लिहायचं. उद्या झाडाची रचना बदलली की त्यावर चालणारे प्रोग्रॅम पण बदला. दुसरी पद्धत होती जाळ्याची, चार्ल्स बाकमन या मोठ्या माणसाची. त्याला १९७३ मध्ये ट्युरिंग अवॉर्ड पण मिळालं. तिच्यातही पॉइंटर धरून एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर उड्या मारायच्याच.

कॉडने १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत रिपोर्टमध्ये आणि जून १९७० मध्ये एसीएमच्या मासिकात छापलेल्या पेपरमध्ये सांगितलं की हे सगळं फेकून द्या. डेटा फक्त टेबलांमध्ये ठेवा. टेबलांमधलं नातं पॉइंटरने नाही, तर कॉलममधल्या किमतींनीच जोडा. वापरणाऱ्याने काय हवंय तेवढंच सांगावं, ते कुठून कसं शोधायचं हे मशीनने बघावं. यामागे गणितातला सेट आणि रिलेशनचा सिद्धांत होता, म्हणून हे रिलेशनल मॉडेल. पुष्कळांना वाटतं की टेबलं एकमेकांशी ‘रिलेट’ होतात म्हणून ते नाव. तसं नाही, गणितात त्या टेबलालाच रिलेशन म्हणतात. व्हायवाला कामी येईल.

त्याच्या पुढच्याच पेपरांमधून ते नॉर्मल फॉर्म आले, ज्यांनी आपली झोप उडवली आहे. खरं तर तिसरा नॉर्मल फॉर्म आपल्या मेसच्या वहीत समजतो. समजा प्रत्येक ओळीत मुलाचं नाव, रूम, विंग आणि त्या विंगचे रेक्टर असं लिहिलंय. रेक्टर बदलले की त्या विंगच्या सगळ्या ओळी खोडा, आणि एखादी राहिली तर एकाच विंगला दोन रेक्टर! आणि विंग रिकामी असेल तर तिचे रेक्टर लिहायला जागाच नाही. कारण रेक्टर हे मुलावर ठरत नाहीत, विंगवर ठरतात. विंगचं टेबल वेगळं काढा, दुखणं संपलं.

इतकी छान कल्पना आयबीएमने डोक्यावर घेतली असेल ना? छे. आयएमएसवर कंपनीची भरपूर कमाई होती, ती कोण बुडवणार? शिवाय मशीनने स्वतः रस्ता शोधायचा म्हणजे फार हळू चालणार, असं पुष्कळ जाणकारांचं मत होतं, आणि तेव्हाच्या हार्डवेअरकडे बघता ते अगदीच चुकीचं नव्हतं. कॉड मात्र जिथे जाईल तिथे, कंपनीच्या गिऱ्हाइकांपुढेसुद्धा, आपलं म्हणणं मांडत राहिला. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बरलाच बाकमनच्या बाजूशी त्याचा जाहीर वादविवाद झाला. अखेर सॅन होजेमध्येच सिस्टिम आर नावाचा प्रोजेक्ट उभा राहिला. तिथे चेंबरलिन आणि बॉइस यांनी भाषा बनवली, तीच आपली एसक्यूएल. पॅट्रिशिया सेलिंजर या बाईंनी १९७९ मध्ये मशीन सगळ्यात स्वस्त रस्ता कसा निवडेल हे दाखवून दिलं आणि ‘फार हळू’ची बोलती बंद झाली. (मुलींनो, हे नाव लिहून ठेवा. टेक्स्टबुकात ते शोधावं लागतं.)

गंमत म्हणजे छापील पेपर वाचून लॅरी एलिसनच्या कंपनीने १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलंसुद्धा! आयबीएमचं पहिलं एसक्यूएल प्रॉडक्ट आलं १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉडला ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

पण एसक्यूएलवर तो खूश नव्हता. त्याची स्वतःची अल्फा नावाची भाषा कंपनीने घेतली नव्हती, आणि एसक्यूएल एका टेबलात दोन हुबेहूब ओळी चालवून घेते हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. इथे पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा आणि प्रायमरी की न देता एक टेबल बनवा. ते उघडलं की वर एक सूचना येते, यात युनिक कॉलम नाही म्हणून. जुन्या व्हर्जनमध्ये तर एडिट आणि डिलीटच बंद व्हायचे. बरोबरच आहे. दोन ओळी सारख्याच असतील तर नेमकी कुठली खोडायची हे ते बिचारं कसं सांगणार?

१९८४ मध्ये त्याने आयबीएम सोडलं. तोवर जो तो आपल्या प्रॉडक्टवर रिलेशनल असा बिल्ला लावायला लागला होता. म्हणून १९८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध बारा नियम लिहिले. मोजले तर तेरा भरतात, कारण सुरुवात शून्यापासून आहे! त्यातला चौथा नियम म्हणतो की डेटाबेसची स्वतःबद्दलची माहितीसुद्धा टेबलांतच हवी, त्याच भाषेत विचारता येईल अशी. डाव्या यादीत इन्फॉर्मेशन स्कीमा नावाचा एक डेटाबेस आपण न बनवता दिसतो ना, तो हाच. त्याला व्हायरस समजून डिलीट करायला जाऊ नका, होणारही नाही. आणि १९९८ मध्ये टोबियास रात्शिलरने लिहायला घेतलेलं पीएचपीमायअ‍ॅडमिन चालतं तेही अशाच प्रश्नांवर. आपण बटण दाबतो, ते एसक्यूएल लिहून डेटाबेसला विचारतं आणि लिहिलेली क्वेरी वर दाखवतंही. माझं मत विचाराल तर नुसती बटणं न दाबता ती ओळ रोज वाचावी, ओरल्सचा अर्धा अभ्यास तिथेच होतो. मग स्ट्रक्चर टॅबमधून एखाद्या कॉलमला इंडेक्स लावून तीच क्वेरी परत चालवा. क्वेरीचं अक्षरही बदलावं लागत नाही, उत्तर तेच. हा आठवा नियम.

कॉडचं सगळंच सोज्वळ होतं असं नाही. १९९३ मध्ये त्याने ओलॅप या नव्या प्रकाराचे नियम मांडले आणि तो पेपर त्याच प्रकारचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या पैशांवर लिहिलेला निघाला. टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

विमान उडवायची हौस त्याला नंतरही राहिली. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. पुढच्या वर्षी एसीएमच्या सिगमॉड या डेटाबेसवाल्यांच्या गटाने आपल्या सर्वोच्च पुरस्काराला त्याचं नाव दिलं.