सिलिंडर हेडचे मर्म जाणणारा अभियंता

टर्बो बसवलेल्या मोटारीचे सिलिंडर हेड तापून तडकले की गॅरेजमध्ये पहिला विचार होतो तो गॅस्केट, बोल्ट आणि किमतीचा. बोल्टची छिद्रे जुळली म्हणजे काम झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु हेडच्या आतल्या बाजूचा खळगा, म्हणजे इंधन जळण्याची जागा, कसा आहे यावर त्या इंजिनाचे आयुष्य ठरते. हे प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने दाखवून देणारे ब्रिटिश अभियंते म्हणजे सर हॅरी रिकार्डो.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वास्तुविशारद. आजोबा सर अलेक्झांडर रेंडेल हे तर आपल्याकडील ईस्ट इंडियन रेल्वेचे सल्लागार अभियंता. केंब्रिजमध्ये प्रा. बर्ट्रम हॉपकिन्सन यांचा सहवास लाभला आणि या तरुणाचे मन इंजिनांत गुंतले. शिक्षणानंतर आजोबांच्या कंपनीत नोकरी करतानाही प्रयोग चालूच होते.

त्या काळी इंजिनातील 'नॉकिंग' हे मोठेच कोडे होते. ठिणगी वेळेआधी पडल्याने किंवा आतला भाग तापल्याने हा आवाज होतो, असे मानले जाई. रिकार्डो यांनी दाखवले, की ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील न जळलेला वायू दाबाने व उष्णतेने आपोआप पेटतो आणि हातोडा मारल्यासारखा धक्का देतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांच्या इंजिनांचा धूर शत्रूला ठावठिकाणा सांगत असे. त्यावर रिकार्डो यांनी कमी धुराचे १५० अश्वशक्तीचे इंजिन दिले. मात्र १९१८ मध्ये विमान अपघातात हॉपकिन्सन गेले आणि ज्यांच्या जोडीने हे संशोधन सुरू झाले तो आधारच तुटला.

पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, आले त्यांचे 'टर्ब्युलंट हेड'. तेव्हाच्या स्वस्त मोटारींत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असत. हेडखालची जागा पसरट, ज्योत मंद आणि नॉकिंग ठरलेले. रिकार्डो यांनी पिस्टनच्या माथ्यावर हेड इतके खाली आणले, की मध्ये जेमतेम फट राहिली. उरलेली सारी जागा व्हॉल्व्हच्या बाजूस एकवटली. पिस्टन वर येताच फटीतला वायू जोराने तिकडे ढकलला जाई, खळबळ माजे आणि ज्योत झपाट्याने पसरे. फटीत उरलेला पातळ थर थंड धातूला चिकटून असल्याने पेट घेत नसे. इंजिन तेच, फक्त हेड बदलले! अमेरिकेत फोर्डच्या 'मॉडेल टी'साठीही बदली रिकार्डो हेड विकले जाई. परवान्याविना तसेच हेड घडवणारेही निघाले आणि पेटंट राखण्यासाठी या शांत संशोधकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

टर्बोच्या इंजिनाशी याचा संबंध थेट आहे. टर्बो हवा दाबून भरतो. त्यामुळे ठिणगीपूर्वीच दाब आणि तापमान चढलेले असते व नॉकिंगचा धोका वाढतो. साध्या पेट्रोल इंजिनाचे जास्त कॉम्प्रेशनचे हेड टर्बोच्या इंजिनावर चढवणे म्हणूनच महागात पडते. हेड प्रमाणाबाहेर घासून घेतले, तरी परिणाम तोच.

डिझेलसाठी १९३० च्या दशकात त्यांनी 'कॉमेट' हेड दिले. त्यातल्या गोल कप्प्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते. लंडनच्या बसगाड्यांनी ते आपलेसे केले आणि पुढे टर्बो डिझेल मोटारींतही ते दिसले. आपल्या परिचयाच्या डिझेल अँबॅसिडरचे मूळ बीएमसी इंजिनही याच पद्धतीचे.

१९२९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९४८ मध्ये 'सर' हा किताब त्यांना मिळाला. १९७४ मध्ये पडून त्यांचा पाय मोडला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १८ मे रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शोरहॅम येथे त्यांनी उभारलेली प्रयोगशाळा त्यांच्यामागेही इंजिनांवर काम करीत राहिली.