पायथन शिकू की जावा? नाण्यांमुळे संस्कृतकडे वळलेल्या कोसंबींचं आयुष्य बघा

मंगरूळपीरच्या एखाद्या पोराची बारावीची परीक्षा संपते. कॉलेज सुरू व्हायला दोन-तीन महिने असतात. तो कोडिंग शिकायचं ठरवतो. मोबाईलवर एक जण पायथन शिक म्हणतो, दुसरा जावा. तिसरा सांगतो, सी शिवाय पाया पक्का होत नाही. ठरवण्यातच महिना जातो.

कमी वेळात कोणती भाषा शिकायची, हा पेच दामोदर धर्मानंद कोसंबींनी फार सोप्या पद्धतीनं सोडवला होता.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद पाली आणि बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. ते हार्वर्डला कामासाठी गेले आणि दामोदरही अमेरिकेत शिकले. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस, अलीगढ करत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

संख्याशास्त्र खऱ्या गोष्टींवर वापरून बघायचं म्हणून त्यांनी जुनी नाणी घेतली. हातोहात फिरून नाणं झिजतं, वजन घटतं. मग वजनावरून नाणी किती काळ चलनात होती ते कळेल का?

त्यांनी हजारो नाणी तोलली. गणित जमलं, पण पुढचा प्रश्न अडला. ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ मुळातून वाचायला हवे होते.

आता संस्कृत लागणार होतं. घरात ते थोडंफार कानावर पडलेलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. नोकरी सांभाळून सगळं व्याकरण आधी संपवायचं म्हटलं तर वर्षं गेली असती. कोसंबींनी एकच काम हातात घेतलं, भर्तृहरीची सुभाषितं. ती वाचता वाचता भाषा पक्की होत गेली. पुढे शेकडो हस्तलिखितं ताडून त्यांनी भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली, १९४८ साली. १९५६ साली भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

आणि कॉम्प्युटर? तोही त्यांच्या वाटेत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले. विषय होता इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रं.

तेव्हा फोरट्रान नव्हती. ती १९५७ ला आली, शास्त्रीय आकडेमोडीसाठी. मग व्यापारी हिशेबांसाठी कोबोल आली. म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषासुद्धा कुठल्या तरी कामाच्या गरजेतून जन्मल्या.

२९ जून १९६६ ला पुण्यात कोसंबी गेले, वयाच्या ५८ व्या वर्षी. आयुष्य मोठं नव्हतं, पण गणित, नाणी, संस्कृत, इतिहास असं सगळं त्यात मावलं. कारण प्रत्येक वेळी प्रश्न आधी आला आणि भाषा त्याच्या मागून.

म्हणून सुट्टीत भाषा निवडण्याआधी काम निवडा. बाजार समितीतल्या सोयाबीनच्या भावांचा वर्षभराचा आलेख काढायचाय? पायथन घ्या. काकांच्या दुकानाची वेबसाईट करायचीय? एचटीएमएल, सीएसएस आणि मग जावास्क्रिप्ट. अँड्रॉइड ॲप? कोटलिन. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सी आहे? मग सीच.

एक काम शेवटपर्यंत न्या. दुसऱ्या भाषेची गरज पडली, तर ते कामच सांगेल.