विश्लेषण : बियाण्याच्या पाकिटावर ‘फुले’ हे नाव का असते? महात्मा जोतिबांचे शेतीशी नाते काय?

कांद्याची ‘फुले समर्थ’, मिरचीची ‘फुले ज्योती’, काकडीची ‘फुले शुभांगी’, कारल्याची ‘फुले ग्रीन गोल्ड’. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही नावे तोंडपाठ असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या वाणांच्या नावापुढे ‘फुले’ लागते. मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या महात्मा फुले यांचे नाव कृषी विद्यापीठाला का, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे.

‘गोऱ्हे’चे ‘फुले’ कसे झाले?

जोतिरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. आजोबा शेटीबा पुरंदरमधील खानवडीमार्गे पुण्यात आले. त्यांच्या मुलांनी पेशव्यांना फुले पुरवण्याचा व्यवसाय केला आणि तेच आडनाव झाले. पेशव्यांकडून ३५ एकर जमीनही मिळाली. मात्र ती थोरले भाऊ राणोजी यांच्याकडे गेली. जोतिरावांचे वडील गोविंदराव भाजीविक्रीवर संसार चालवू लागले.

जोतिरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. थोडे शिक्षण झाल्यावर वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. भाजीचा वाफा आणि पुस्तक, दोन्ही त्यांनी लहानपणीच पाहिले.

अहिल्यानगरशी संबंध काय?

१८४८ मध्ये जोतिराव तेव्हाच्या अहमदनगरला आले. अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार येथे मुलींची शाळा चालवत होत्या. ती पाहून परतल्यावर त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षणही याच मिस फॅरार यांच्याकडे घेतले. या कामापायी १८४९ मध्ये दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले.

दुसरा धागा कर्जाचा आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. त्याचे लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागात पोहोचले. शेतकऱ्यांनी कर्जखते जाळली. या काळातील कुणब्याची कर्जबाजारी अवस्था हाच पुढे जोतिरावांच्या लेखनाचा विषय झाला.

ते स्वतः शेती करत होते का?

होय. उपजीविकेसाठी त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली आणि भाजीपाला विक्रीचा व्यवसायही केला. खडकवासला धरणाचे पाणी कालव्याने येऊ लागल्यावर मांजरी परिसरात त्यांनी बागायती शेती केली. १८७६ ते १८८३ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. भाजीबाजाराची भव्य इमारत उभारण्यावर मोठा खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले.

‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये काय आहे?

१८८३ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात सावकार, नोकरशाही आणि सारा यांवर टीका आहेच, पण उपायही आहेत. ताली-बंधारे घालून शेताची सुपीक माती अडवावी, ओढ्यांवर धरणे व तळी बांधावीत, शेळ्या-मेंढ्यांची उत्तम बेणी परदेशातून आणून पैदास करावी, दरवर्षी शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना विलायतेतील शेतकी शाळा दाखवाव्यात, अशा सूचना त्यांनी केल्या. ज्ञान सरकारी दप्तरात न राहता बांधावर पोहोचावे, हे त्यामागचे सूत्र होते. आज कृषी विद्यापीठाकडून हीच अपेक्षा असते.

विद्यापीठाने काय दिले?

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ मध्ये झाली आणि राहुरीतून काम सुरू झाले. पुढे या विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. कोणते वाण कधी लावायचे, हे सांगणे त्याच्या कामाचा गाभा आहे. कारण चुकीच्या निवडीचा फटका थेट खिशाला बसतो.

कांद्याचेच पाहा. ‘एन-२-४-१’ हा वाण रब्बीसाठी आहे. तो चाळीत चांगला टिकतो, त्यामुळे भाव नसेल तर थांबता येते. ‘बसवंत ७८०’ खरिपासाठी, तर ‘फुले समर्थ’ खरीप आणि रांगडा हंगामासाठी. खरिपातला कांदा लवकर विकावा लागतो, तो महिनोन्महिने साठवता येत नाही. हंगाम चुकला तर डेंगळे येतात, जोडकांदे निघतात आणि बाजारात भाव पडतो. मिरचीतही आधी हिरवी विकायची की वाळवायची, हे ठरवावे लागते. ‘फुले ज्योती’ला मिरच्या झुबक्याने लागतात.

बी घरी धरता येते का?

सुधारित वाणाचे बी घरी धरता येते. संकरित वाणाचे मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. कांदा आणि काकडीवर्गीय पिकांत मधमाश्या परागकण दूरवर नेतात. म्हणून बियाण्यासाठी लावलेला प्लॉट त्याच पिकाच्या दुसऱ्या वाणापासून दूर हवा. बियाणे विकत घेताना पाकिटावरील हंगाम, उगवणक्षमता, मुदत आणि लॉट नंबर तपासावा. पक्के बिल आणि रिकामे पाकीट पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. बोगस बियाण्याची तक्रार करायची झाली तर पुरावा तोच असतो.

अखेरची वर्षे

१८८८ मध्ये मुंबईत जनतेने जोतिरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. तरी त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. भाजी विकणाऱ्या बापाच्या या मुलाचे नाव आज दर हंगामात कांद्या-मिरचीच्या बियाण्यासोबत शेतकऱ्याच्या हातात पडते.