डॉक्टर झामेनहॉफ यांची अक्षरें

अकोल्याच्या बाजारांत 'चार पेंढ्या चारा' मागतांना आमच्या मुखांतून दोन निराळे च बाहेर पडतात. लिहितांना मात्र आम्ही दोहोंस एकच अक्षर योजतों. आम्हांस हें कधीं खटकत नाहीं. परंतु मराठी शिकूं पाहणाऱ्या परक्यास विचारावें! अक्षर व उच्चार यांमधील असला बेबनाव ज्या पुरुषानें स्वतः रचलेल्या भाषेंत शिरूं दिला नाहीं, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजीं ब्यालिस्टोक येथें झाला. हें शहर तेव्हां रशियन साम्राज्यांत होतें. तेथील यहुदी, पोल, रशियन व जर्मन लोक आपापली भाषा बोलत व एकमेकांकडे संशयानें पाहत. सर्वांस समान अशी एक भाषा असावी, हा ध्यास या मुलानें तेथेंच घेतला. 'चार' मधील च लिहावयाचा झाल्यास रशियनास एक अक्षर लागे, पोलास दोन आणि जर्मनास चार!

पुढें ते नेत्रवैद्य झाले. १८८७ सालीं वॉर्सा येथें त्यांनीं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा करणारा, या टोपणनांवानें आपलें पहिलें पुस्तक छापविलें. खर्चाचा भार भावी सासऱ्यांनीं उचलला. वर्णमालेंत अक्षरें अठ्ठावीस, आणि प्रत्येकाचा उच्चार एकच. 'चारा' मधील च रोमन सी या अक्षरास मिळाला. 'चार' मधील च दाखविण्यास त्याच अक्षरावर टोपी चढविली. अशी टोपी पांच व्यंजनांस आहे. आमच्या ण व ळ यांस मात्र तेथें जागा नाहीं.

या टोप्यांनींच पुढें पेंच उभा केला. छापखान्यांत तसले खिळे नसत. तक्रारी वाढल्या, तेव्हां १८९४ सालीं झामेनहॉफ यांनीं स्वतःच टोप्या काढून टाकण्याची व इतर फेरफारांची योजना एस्पेरांतो मासिकाच्या वाचकांपुढें ठेवून मतें मागितलीं. बहुमत जुन्या भाषेच्याच बाजूनें पडलें, आणि निर्मात्यानें आपल्या शिष्यांचा निकाल मुकाट्यानें मानला. आम्हांस त्यांचें मोठेपण भाषा रचण्यापेक्षां येथेंच अधिक दिसतें. १९०५ सालच्या आधारग्रंथांत त्यांनीं छापखान्यांस एवढीच सवलत दिली कीं, खिळा नसेल तेथें टोपीऐवजीं अक्षरापुढें एच जुळवावा. १९०७-०८ च्या सुमारास कांहीं अनुयायी टोप्या टाकून 'इडो' नांवाची भाषा घेऊन वेगळे झाले. झामेनहॉफ त्यांच्यामागें गेले नाहींत.

महायुद्ध चालू असतांना १४ एप्रिल १९१७ रोजीं वॉर्सा येथें त्यांचा अंत झाला. टोप्या अद्याप तशाच आहेत. आतां संगणकावर त्या सहज उमटतात.