सर हॅरल्ड रिड्ले

भोर व वेल्हें या डोंगराळ मुलुखांतील घरोघरच्या वृद्धांस एक गोष्ट चांगली आठवत असेल. पूर्वीं मोतीबिंदु काढला म्हणजे डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा चढे. त्यांतून प्रत्येक वस्तु सुमारें पाव हिश्शानें मोठी दिसे, आणि बाजूचें कांहींच दिसत नसे. भातखाचरांच्या बांधावरून किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या उतरत्या पायवाटेनें जाणाऱ्याचें पाऊल चुकलें, तर नवल तें काय! आतां मोतीबिंदु काढल्यावर त्याच जागीं डोळ्याच्या आंत कृत्रिम भिंग बसवितात. ही युक्ति प्रथम यशस्वी करून दाखविणाऱ्या हॅरल्ड रिड्ले यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

रिड्ले यांचा जन्म दि. १० जुलै १९०६ रोजीं इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांत झाला. वडील नेत्रवैद्य होते. मुलगा लहानपणीं बोलतांना अडखळे. केंब्रिज येथें व लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत शिक्षण घेऊन त्यांनीं वडिलांचाच मार्ग धरला, आणि १९३८ सालीं मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयांत त्यांची शस्त्रवैद्य म्हणून नेमणूक झाली.

दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांचीं छतें पर्स्पेक्स नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचीं असत. गोळी लागून तीं फुटलीं कीं बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. शरीरांत शिरलेला परका पदार्थ बहुधा ठणका व सूज आणतो. परंतु हे तुकडे धारदार टोंकानें टोचत नसले, तर डोळा त्यांना वर्षानुवर्षें निमूटपणें सांभाळी. हें रिड्ले यांच्या मनांत राहिलें. पुढें एका विद्यार्थ्यानें मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहून सहज विचारलें कीं, काढलेल्या नेत्रमण्याच्या जागीं दुसरा कां बसवीत नाहीं? मुलांच्या भाबड्या प्रश्नांस हंसणाऱ्या आम्हां वडील मंडळींनीं हा प्रसंग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

दि. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट टॉमस रुग्णालयांत ४५ वर्षांच्या एका स्त्रीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. भिंग कायमचें बसविण्यास मात्र १९५० चा फेब्रुवारी उजाडला. भिंग जागेवर बसलें, पण त्याची शक्ति फार अधिक निघाली, आणि त्या बाईंस लांबचें पाहण्यास मोठ्या नंबरचा चष्मा लागला. बेथसैदा येथील आंधळ्यास पहिल्या स्पर्शानंतर माणसें झाडांसारखीं दिसलीं, ती कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. रिड्ले यांनींही दुसऱ्यांदा हात घातला. गणित सुधारून पुढील भिंग कमी शक्तीचें करविलें.

हें सर्व त्यांनीं गुप्त ठेविलें होतें, कारण परिणाम दीर्घकाळ पाहिल्यावांचून बोलावयाचें नाहीं असा त्यांचा निश्चय होता. परंतु एक रोगी चुकून त्याच आडनांवाच्या दुसऱ्या नेत्रवैद्याकडे गेला आणि गुपित फुटलें! १९५१ च्या जुलैंत ऑक्सफर्डच्या परिषदेंत त्यांनीं आपले रोगी आणले, तेव्हां त्या काळचे थोर नेत्रवैद्य स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांनीं त्यांस तपासण्यासही नकार दिला. डोळ्यांतून परकी वस्तु काढणें हा वैद्याचा धर्म; ती घालणें हा अविचार, असें बहुतेकांचें मत होतें.

हें मत केवळ मत्सराचें होतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. तें भिंग जड होतें; कित्येकदां तें निसटून डोळ्याच्या तळाशीं जाई. कोणाच्या डोळ्यांस दाह होई, कोणास काचबिंदु जडे. भिंग ज्या औषधांत जंतुरहित करीत, त्याचा अंश मागें राहून सूज येते, हेंही अनुभवानेंच कळलें. १०० भिंगांपैकीं सुमारें १५ पुढें काढावीं लागलीं. एकेक भिंग म्हणजे एकेका माणसाचा डोळा, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा भार कळतो. रिड्ले यांस त्याची जाणीव होती, आणि टीकेनें त्यांचें मन खचलें. तरी त्यांनीं अपयश लपविलें नाहीं.

इतर वैद्यांनीं बुबुळाच्या पुढें भिंग बसवून पाहिलें. त्यानें डोळ्याच्या पारदर्शक पडद्यासच इजा होऊं लागली. अखेर भिंगें हलकीं झालीं व नेत्रमण्याच्या मूळ पिशवींतच बसूं लागलीं, म्हणजे रिड्ले यांनीं आरंभीं निवडलेल्या जागीं. १९९२ पासून मदुरा येथें स्वस्त भिंगें तयार होऊं लागल्यानें आपल्याकडील गरिबांसही तीं मिळूं लागलीं. आजही कधींकधीं मागची पिशवी धूसर होते, ती लेसर किरणांनीं मोकळी करितात. क्वचित् जंतुसंसर्ग होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होऊन दुखूं लागला किंवा दृष्टि मंदावली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

रिड्ले १९७१ सालीं निवृत्त झाले. सन्मान फार उशिरां आले: १९८६ सालीं रॉयल सोसायटीचें सदस्यत्व, आणि २००० सालीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, सर ही पदवी. तत्पूर्वींच म्हातारपणीं त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु आला होता. सेंट टॉमस रुग्णालयांतच त्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊन दोन्हीं डोळ्यांत भिंगें बसविण्यांत आलीं. दि. २५ मे २००१ रोजीं ते निवर्तले.