तारा आणि ग्रंथ : फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र

पावसाळा सरून आकाश निवळलें म्हणजे आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत रात्रीं जें वैभव दिसतें, त्याचें वर्णन करावयास आमची लेखणी असमर्थ आहे. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस सह्याद्रीची भिंत, आणि वर परमेश्वरानें स्वहस्तें घातलेला ताऱ्यांचा मांडव! शहरांतील व रस्त्यांवरील दिव्यांनीं हा मांडव आतां फिका पडला असला, तरी डोंगराच्या कुशींतील वाड्यांवर तो अद्यापि दिसतो. तो पाहून नास्तिकाचेंही मस्तक क्षणभर लवतें. परंतु मस्तक लवल्यावर पुढें काय? आकाश विस्मय देतें; पण सारा मार्गही तेंच दाखवितें काय? या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत सांपडतें, त्या ख्रिस्तपुराणकर्त्या फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख या ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं वाचकांस पुन्हा करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या गांवीं, एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत त्या देशीं कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें म्हणजे तुरुंगास आमंत्रणच होतें. त्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांस धर्मासाठीं दीर्घ बंदिवास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. त्या काळीं रोम येथील येशूसंघाच्या विद्यालयांत क्लाव्हियस हे विख्यात गणिती शिकवीत असत. ईस्टरचा सण ऋतूंशीं व चंद्राच्या गतीशीं पुन्हा नीट जुळावा म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं जें पंचांग सुधारलें, त्यांत क्लाव्हियस यांचा मोठा हात होता. ताऱ्यांचें गणित आणि वेदीची उपासना यांत या धर्मगुरूंस वैर दिसलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१५७९ च्या ४ एप्रिल रोजीं पांच गलबतांचा तांडा लिस्बनहून गोव्याकडे निघाला. त्यांत स्टीफन्स होते. गोव्यास पोंचल्यावर १० नोव्हेंबर रोजीं त्यांनीं वडिलांस पत्र लिहून या प्रवासाची हकीकत कळविली. गलबत दक्षिणोत्तर कोठें आहे हें खलाशांस नेहमीं नक्की कळे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितकेच अंश आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस असतों. विषुववृत्त ओलांडल्यावर ध्रुव समुद्राखालीं जाई. मग पोर्तुगीज खलाशी सूर्यावरून व दक्षिणेकडील चार ताऱ्यांच्या क्रूसावरून हिशेब करीत. परंतु पूर्वपश्चिम ठिकाण सांगणारी अशी स्थिर खूण आकाशांत नाहीं. कारण सारें तारांगणच पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतांना दिसतें. ही अडचण स्टीफन्स यांनीं वडिलांस समजावून सांगितली आहे. समुद्रावर ती दूर करणारें अचूक घड्याळ होण्यास अजून पावणेदोनशें वर्षांचा अवकाश होता.

मग गलबतें बंदरास लागत तरी कशीं? आधीं जाऊन आलेल्या लोकांनीं वाटेंत दिसलेला प्रत्येक पक्षी, हवेंतलें व पाण्यांतलें प्रत्येक चिन्ह वह्यांत टिपून ठेविलें होतें. हें साहाय्य देवानेंच दिलेलें आहे, असें स्टीफन्स मानीत. तरीही फसगत झालीच. हिंदुस्थान जवळ आला असें वाटत असतां समुद्राच्या प्रवाहांनीं त्यांचें गलबत तांबड्या समुद्राच्या मुखाकडील सोकोत्रा बेटाच्या बाजूस ओढून नेलें होतें. पुढें अनुकूल वारा सुटला. हिंदुस्थानचे म्हणून ओळखीचे पक्षी, पाण्यावर वाहत आलेल्या झाडांच्या फांद्या, पोहणारे सर्प अशा वह्यांतल्या खुणा एकामागून एक दिसूं लागल्या, आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोवा आला.

वाचकहो, पूर्वेकडील ज्ञानी लोकांची कथा याहून निराळी आहे काय? ताऱ्यानें त्यांस दूर देशाहून उठवून यरुशलेमेपर्यंत आणिलें. परंतु बालक कोठें जन्मावयाचा, हें त्यांस तेथें विचारावें लागलें. आणि बेथलेहेम हें नांव त्यांस संदेष्ट्याच्या ग्रंथांतून कळलें. त्यानंतर तारा पुन्हा दिसला व त्यांस फार आनंद झाला. तारा मनुष्यास घराबाहेर काढतो. देवाचा शब्द त्यास दारापर्यंत पोंचवितो. एकास दुसऱ्याची जोड हवी.

हा शब्द लोकांस त्यांच्याच भाषेंत देणें, हें फादर स्टीफन्स यांचें जीवितकार्य झालें. गोव्याच्या साष्टी प्रांतांत त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें सेवा केली. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें त्यांचे बंधु धर्मगुरु रुडॉल्फ आक्वाव्हिव्हा व इतर मारले गेले, त्या दुःखाच्या काळांतही त्यांनीं तो प्रांत सोडला नाहीं. त्यांनीं कोंकणी भाषेचें व्याकरण लिहिलें, आणि मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमी लिपींत छापलें गेलें, कारण देवनागरी खिळे तेथें उपलब्ध नव्हते. ज्ञानेश्वर-एकनाथांनीं ज्या ओवीछंदांत जनांस परमार्थ सांगितला, त्याच छंदांत या परदेशी पुरुषानें सूर्य, चंद्र व तारे यांच्या उत्पत्तीपासून ज्ञान्यांच्या ताऱ्यापर्यंत, आणि क्रूसापासून पुनरुत्थानापर्यंत सारी तारणकथा गाइली. मंदिरांतून ती भाविकांपुढें वाचली जात असे.

१६१९ सालीं त्यांनीं गोव्यांतच देह ठेविला. १६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हा छापलें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेवर बंदी घातली. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज आढळत नाहीं. परंतु मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जतन केलीं, म्हणून १९०७ सालीं तेथें व १९५६ सालीं पुण्यास देवनागरींत हा ग्रंथ पुन्हा प्रकट झाला. खलाशांच्या वह्यांप्रमाणें ओव्यांच्या या वह्याही पुढल्यांसाठीं कोणीतरी सांभाळल्या होत्या.

आतां पाळी आपली आहे. आपल्या मुलांपासून तारे दिव्यांनीं झांकले आहेत, आणि ओव्या आपल्या अनास्थेनें. पवित्र आठवड्यांत घरच्या वडील माणसांनीं मुलांस अंगणांत न्यावें. उत्तरेस क्षितिजावर सुमारें एकोणीस अंशांवर ध्रुव आहे. तेवढेच आपल्या कर्जतचे अक्षांश. मग मध्यरात्रीच्या सुमारास, जेथून दक्षिणेचें क्षितिज मोकळें असेल तेथून, अगदीं खालीं चार ताऱ्यांचा तो क्रूस उभा दिसेल. तो मुलांस दाखवावा आणि घरांत येऊन ख्रिस्तपुराणांतील चार ओव्या मोठ्यानें वाचाव्या. ज्या प्रभूनें आकाशांत तारा उजळिला, त्यानेंच आपल्या मायबोलींत आपला शब्द ठेविला आहे. त्या दोहोंच्या प्रकाशांत आपल्या धर्मग्रामाचीं पुढील वर्षें चालोत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.